'तांबडी दुपार'ची सहा गाणी

आमच्या घरात बाहरीनहून पत्राऐवजी येणाऱ्या बोलक्या कॅसेटच्या दोन बाजूंचा एक नियम होता. पहिली बाजू सगळ्यांची. दुपारी जेवणं आटोपली की टेप मेजावर ठेवायचा, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि सासूबाईंनी मध्ये मध्ये टेपलाच उत्तरं द्यायची. दुसरी बाजू बायकोची. ती मी आतल्या खोलीत दार लोटून, आवाज बारीक करून ऐकायची. तेवढ्या वेळात तिकडे कोणी फिरकत नसे. हा नियम कोणी केला नव्हता. गोव्यात आमच्या पेडण्यात ज्या घरांतला माणूस गल्फात होता त्या सगळ्या घरांत तो पाळला जाई.

१९८७च्या जूनमध्ये आलेल्या एका कॅसेटची दुसरी बाजू मी ऐकली नाही. तेव्हा मी रागावले होते. राग पुढे गेला, कॅसेट मात्र तशीच राहिली.

माझे यजमान बाहरीनला इलेक्ट्रिशियन होते. त्यांचं नाव मी जन्मात घेतलं नाही, पण इथे घेते, नाहीतर वाचणाऱ्याला कोण कुठला ते कळायचं नाही. गुरुदास. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. घरात सासूबाई सोनाबाई, माझी मुलगी वर्षा आणि धाकटा दीर कृष्णनाथ. कृष्णनाथ डिचोलीकडे लोहखनिजाच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. सकाळच्या बसने जाई आणि संध्याकाळी येई तो कानांच्या पाळ्यांपासून नखांपर्यंत तांबडा होऊन. त्याचे कपडे भिजवलेली बालदी रिकामी केली की तळाला बोटभर गाळ राही.

त्याच्याकडे एक गिटार होती. हरमलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या एका गोऱ्याची मोटरसायकल त्याने दुरुस्त करून दिली, आणि मायदेशी जाताना तो गोरा ती गिटार याला देऊन गेला. कृष्णनाथने तिला तारा जोडल्या आणि घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडून तिचा आवाज त्यातून काढला. लग्नातल्या बँडवाल्यांसारखं तो भराभर वाजवत नसे. एक तार छेडायचा आणि ती पूर्ण विझेपर्यंत थांबायचा. रेडिओतून तो सूर फुगून, थरथरत बाहेर यायचा आणि त्याच्यावर कृष्णनाथ खालच्या आवाजात गायचा, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

सासूबाई म्हणायच्या, "कृष्णा, ताल खंय सांडलंस रे? बसीत?"

"व्हय गे आई, उद्या कंडक्टराक विचारतां."

८६ सालच्या हिवाळ्यात त्याने सहा गाणी टेप केली. स्टुडिओबिडिओ काही नाही. गुरुदासनी पाठवलेला आमचा टू-इन-वन आणि मित्राकडून आणलेला दुसरा टेप. आधी एकावर नुसती गिटार भरायची, मग ती लावून वर गाणं म्हणायचं आणि ते दुसऱ्यावर भरायचं, मग पुन्हा दुसरी गिटार. दर फेरीला टेपची सर्र सर्र वाढत जाई, सुपात तांदूळ घोळवल्यासारखी. ती काढता येईना, तेव्हा तो म्हणाला, "रावं दी, वयनी. ही आमच्या खाणीची धूळ."

हे काम रविवारी दुपारी चाले. नुस्त्याची, म्हणजे माशांची, कढी जेवून सगळा गाव आडवा झालेला असायचा, कुत्रीसुद्धा. पंखा बंद, खिडक्यांची जनेलं बंद. मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या की म्हणायचा, "वयनी, पान परतूं नको." मी घाम पुसत तशीच बसून राही. तरी चौथ्या गाण्यात सासूबाई खोकल्या. चांगल्या दोनदा. आणि सहावं गाणं संपता संपता पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला. मला वाटलं, झालं, सगळं पुन्हा. पण त्याने दोन्ही ठेवलं. उलट चौथ्या गाण्यात नवीन ओळ घातली: 'आवय खोकता, पोदेर येता, दुपार मात सरना.'

ती गाणी ऐकून मला काय वाटे ते तेव्हा सांगता आलं नसतं, आताही नीट येत नाही. त्यांत दुःखाची गोष्ट अशी कुठलीच नव्हती. धुळीने भरलेलं ताट होतं, केरीच्या तरीवर फेरीबोटीची वाट बघत उभी राहिलेली बस होती, परक्या देशातून येणारा भावाचा आवाज होता. पण ऐकून झाल्यावर उठून कामाला लागायला वेळ लागे.

त्या सहा गाण्यांना त्याने 'तांबडी दुपार' असं नाव दिलं आणि म्हापशाच्या एका दुकानातून पन्नास कॅसेटी भरून घेतल्या. प्रत्येकीच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन छोटे दात त्याने स्क्रू-ड्रायव्हरने मोडले. "हे मोडले की हेचेर दुसरां कितां भरूंक जायना," त्याने मला दाखवलं होतं. "चिकटपट्टी लावून भरूं येता, पण कोण कित्याक लायत?"

तो डिसेंबर कसा होता ते त्या काळातल्या गोंयकारांना सांगायला नको. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून गोवा पेटलेला. रस्त्यांवर झाडं तोडून टाकलेली, बसगाड्या बंद. कॅसेटी दोन आठवडे म्हापशातच अडकल्या. नंतर त्या घेऊन तो दुकानोदुकानी गेला तर मालक विचारी, "ही खंयच्या खणांत दवरूं? मराठी काय कोंकणी?" कृष्णनाथ म्हणे, "पेडण्याची." तसा खण कुठल्याही दुकानात नव्हता. कोंकणीच्या चळवळीतला त्याचा मित्र म्हणाला, हिच्यात अर्धी मराठी आहे. माझ्या शाळेतले रामचंद्र गुरुजी म्हणाले, "बाई, ऐन वेळी तुमचा दीर कोंकणीत गातो म्हणे!" मी स्वतः पणजीला मराठीच्या मोर्चात गेलेली. मीही त्याला म्हटलं, "शुद्ध मराठीत कर ना गाणी. शब्द मी सुचवते."

तो माझ्याकडे बघून हसला. "आवय काय शुद्ध मराठीत खोकता, वयनी?"

खरं तर भाषेचंही निमित्तच होतं. त्या गाण्यांवर लग्नात नाचता येत नव्हतं आणि गणपतीच्या चवथीला ती लावता येत नव्हती. लोक दुकानात अर्धा मिनिट ऐकत आणि म्हणत, दुसरं काही आहे? ओळखीच्यांनी दहा-बारा कॅसेटी नेल्या. नेल्या, एवढंच. नंतर त्यांच्यापैकी कोणी भेटलं की कृष्णनाथ त्यांच्या तोंडाकडे बघत राही आणि ते खाणीची, बसची, राजकारणाची गोष्ट काढत. पेटीत सदतीस उरल्या.

मार्चमध्ये एकदा पायरीवर बसून तो म्हणाला, "वयनी, घरच्यांनी आयकलां तां धरूक नाय. एक भायलो मनीस जाय. माका वळखना असो. ताणें सगळीं सय गाणीं आयकून माका सांगूक जाय की आयकलीं. एक जरी मेळलो, तरी दुसरी टेप करतां."

"आणि असा ओळखीचा नसलेला, सगळी ऐकून तसं सांगणारा माणूस नाही मिळाला तर?"

"चवथ मेरेन वाट पळयतां. मगे पुरे."

चवथीपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत. पाच महिने होते.

त्याच आठवड्यात गावचा एक जण बाहरीनला परत निघाला होता. त्याच्याकडे द्यायच्या गाठोड्यात मी सोलं, पापड, माझी बोलकी कॅसेट आणि कृष्णनाथला न विचारता 'तांबडी दुपार'ची एक प्रत ठेवली. भाऊ म्हणजे घरचाच, तो धरायचा नाही, हे माहीत होतं. तरी ठेवली.

मेच्या तीस तारखेला गोवा राज्य झालं. आम्ही शाळेत पेढे वाटले. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गुरुदासची कॅसेट आली. नियमाप्रमाणे जेवणं झाल्यावर आम्ही पहिली बाजू लावली. वर्षाला नवीन दप्तर घेतलंय, आईंनी पायाला तेल लावावं, वगैरे. मग थोडं थांबून ते म्हणाले की कंपनीने करार दोन वर्षांनी वाढवलाय, यंदा चवथीला येणं व्हायचं नाही.

चार वर्षं मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ते कायमचे यायचे होते. वर्षाने विचारलं, "दोन वर्सां म्हणजे कितकीं?" सासूबाईंनी टेपकडे बघून डोळ्यांना पदर लावला. मी कॅसेट काढली, आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि खाटेवर बसून राहिले. दुसऱ्या बाजूला काय असेल ते मला पाठ होतं. समजूत. पद्मा, तुला कळतं, पद्मा, तू शहाणी आहेस. मला त्या दिवशी शहाणं व्हायचं नव्हतं. अर्ध्या तासाने मी तोंड धुऊन बाहेर आले आणि कॅसेट कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी टाकली. घरच्यांना वाटलं, ऐकली.

गुरुदासचं पत्र आलं. 'दुसरी बाजू ऐकलीस ना?' मी लिहिलं, 'ऐकली.' एवढंच.

ऑगस्टमध्ये गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीची सामानं बाजारात आली तेव्हा म्हापशाच्या दुकानदाराला आरत्यांसाठी रिकाम्या कॅसेटी कमी पडत होत्या. कृष्णनाथने आपली पेटी त्याला देऊन टाकली. मोडलेल्या दातांवर चिकटपट्टी लावून त्यांच्यावर आरत्या भरल्या गेल्या. मूळ टेपही त्यातच गेला. गिटार त्याने म्हापशाच्याच एका बँडवाल्याला विकली. ती न्यायला माणूस आला तेव्हा मी चुलीपाशी नेवऱ्या, चवथीच्या करंज्या, तळत होते. कृष्णनाथ आत येऊन म्हणाला, "गेली." मी म्हटलं, "हात धू, गरम नेवरी खा." आणि त्याने खाल्ली.

गुरुदास आले ते ८९ साली. तोवर आमचा टू-इन-वन बिघडला होता, माझा रागही उरला नव्हता. कोपऱ्यात नेहमी असायची तिथे गिटार नाही हे पाहून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, विकली. ते त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "तरी विकली?" या 'तरी'चा अर्थ मी विचारला नाही. विचारला असता तर मी ऐकली नव्हती हे उघड झालं असतं. त्यानंतर ते धाकट्या भावाशी जरा तुटकपणे वागू लागले. ते दोघे मुळातच कमी बोलणारे. मला वाटलं, जमिनीवरून काही असेल.

पुढे सासूबाई गेल्या, वर्षाचं लग्न झालं, कृष्णनाथने डिचोलीत घर केलं. खाण बंद पडल्यावर तो घराच्या पडवीत पंप, मिक्सर, रेडिओ दुरुस्त करू लागला. दोन वर्षांपूर्वी गुरुदास गेले. गेल्या मार्गशीर्षात ट्रंक आवरताना ती कॅसेट हाताला लागली. त्यांचा आवाज ऐकावा असं फार वाटलं. पण आतला स्पंजचा तुकडा गळून पडला होता, टेपला बुरशी लागली होती. असलं काम करणारा माझ्या ओळखीत एकच माणूस.

बसने म्हापसा, तिथून दुसऱ्या बसने डिचोली. आता मला दोन बसगाड्या म्हणजे दोन दिवसांचा थकवा. पोचले तेव्हा कृष्णनाथ चष्मा कपाळावर चढवून कुणाचा तरी पंखा उघडून बसला होता. त्याची बायको कमलाक्षी आत होती. मी कॅसेट पुढे केली. त्याने उलटसुलट करून पाहिली. वर गुरुदासच्या अक्षरात 'घरी' लिहिलेलं.

"दादाचो आवाज?"

"हो."

त्याने पुढे काही विचारलं नाही. पाचही स्क्रू काढले, मऊ ब्रशने बुरशी झाडली, जुन्या फेल्टचा तुकडा कापून चिकटवला, पेन्सिलीने टेप एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवला. त्याचे हात अजून तसेच होते. एक जुना डेक पुसून मेजावर ठेवला, कॅसेट घातली आणि मला विचारलं, "खंयची बाजू?"

"दुसरी."

तो लगेच उठला. "मगे तूं आयक. हांव भायर बसतां." सत्तरीला आलेला माणूस, मोठा भाऊ वारलेला, तरी नियम नियम. तो पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला. मी बटण दाबलं.

आधी सर्र सर्र. मग गुरुदास. माझ्या आठवणीतल्यापेक्षा कितीतरी तरुण आवाज.

"पद्मा, आज ही बाजू तुजी न्हय. कृष्णाक आपय. ताका फुडें बसय आनी मगे लाय."

मी बटण बंद केलं. त्याला हाक मारायला उठून दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "कृष्णा, आत ये. तुझ्यासाठी आहे."

"माजे खातीर?"

"हो. आणि ऐकायच्या आधी एक ऐक. ही कॅसेट ८७च्या जूनमधली. मी ही बाजू तेव्हा लावलीच नव्हती. रागात होते. लावली म्हणून सगळ्यांना खोटं सांगितलं."

तो मेजासमोर येऊन बसला. मी सुरुवातीपासून लावली. गुरुदासचं बोलणं संपलं, आणि एक वेगळाच आवाज आला, मोठा, मोकळा.

"नमस्कार कृष्णनाथराव. मी दादू, चंदगडकडचा. तुमचं भाऊ आन आमी आठ जण एका खोलीत ऱ्हातो. तुमची टेप वयनींनी पापडाबरूबर धाडली. पापड दोन दिसांत संपलं, टेप अजून चालू हाय." मागे कोणीतरी हसलं. "सगळी सहा गाणी ऐकली बगा. शुक्रवारी सुट्टीला लावतो. सगळं समजतंय असं न्हाई. पन त्या चौथ्या गान्यात म्हातारी खोकती न्हवं, तितं आमी सगळी गप बसतो. माजी आई बी तशीच खोकायची. मी हितं आल्यावर गेली ती. आमच्यात एक केरळचा हाय, त्याला तर काय बी कळत न्हाई, पन पाळीला जाताना पाचवं गानं लाव म्हनतो. आन त्या पाववाल्याला सांगा, हिकडं बी येत जा म्हनावं."

मग दादूच्या आवाजामागे गाणं सुरू झालं. खोलीतल्या टेपवर त्यांनी सहावं गाणं लावलं होतं. गिटारची ती एकेक विझणारी तार, वर कृष्णनाथचा पस्तीसेक वर्षांपूर्वीचा आवाज आणि त्याच्यावर सात-आठ पुरुष, सुरात नाही, पण सगळे शब्द बरोबर. शेवटी पोदेरचा भोंगा. तो त्या माणसांनीही तोंडाने वाजवला आणि हसले.

स्वयंपाकघरातून कमलाक्षी पिशवी घेऊन लगबगीने बाहेर आली. "पोदेर आज इतलो बेगीन कसो आयलो?"

कृष्णनाथने हाताने तिला थांबवलं. ती आवाजाकडे कान देऊन उभी राहिली, मग त्याच्याकडे बघू लागली.

"हें कोण गायता?"

"हांव."

"तुमी?" तिने पिशवी खुर्चीवर ठेवली. "तुमी गायताले? माका कोणें सांगलें ना तें?"

शेवटी दादू पुन्हा आला. "तर कृष्णनाथराव, फुडली टेप कदी? वयनींच्या हाती धाडा. वाट बगतो." आणि मग नुसती सर्र, बाजू संपेपर्यंत.

मी त्याच्याकडे पाहू शकत नव्हते. टेपकडे बघत म्हटलं, "ही जूनपासून ट्रंकेत होती. ऑगस्टपर्यंत गिटार घरातच होती."

"व्हय."

"माझी चूक झाली, कृष्णा."

त्याने डेक बंद केला. मग म्हणाला, "दादा म्हणून माजेर रागान आशिल्लो. माज्या मनात, कितां चुकलां माजां?" एवढं बोलून त्याने चष्मा खाली घेतला, काचा सदऱ्याला पुसल्या, परत लावला. "तुका तरी कितां बोलूं, वयनी. तू पापडाबरोबर धाडली नसती तर इतकां सुद्दां उरूंक नाशिल्लां."

"दादू कितक्या वर्सांचो आसतलो आता?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आपल्यासारखाच. असला तर."

"आसलो तर," तो म्हणाला.

त्याने कॅसेट बाहेर काढली. मला वाटलं, तो ती स्वतःकडे ठेवेल, आणि ती त्याचीच होती. पण त्याने बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पाठीवरचे दात मोडले, आधी एक, मग दुसरा. मोडलेल्या जागी बोट फिरवून पाहिलं. मग कॅसेट डब्यात घालून माझ्या हातात दिली.

"हेचेर दादाचो आवाज आसा. तुजेकडे रावं दी. माका आयकूची जाली की हांव येतलों."

कमलाक्षी म्हणाली, बसच्या वेळेपर्यंत चहा घ्या. आम्ही घेतला. ती मध्येच त्याला म्हणाली, "एक ओळ तरी म्हणात." तो म्हणाला, "शब्द गेले." मला ते पाठ होते. मी सांगितले असते, पण त्याने पुढचा पंखा उघडायला घेतला होता.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन मी डोळे मिटले. म्हापशाला कंडक्टरने हलवून उठवलं तेव्हा डबा दोन्ही हातांत घट्ट धरलेला होता.

त्यानंतर कृष्णनाथ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा रविवारी, जेवण झाल्यावर. मी पंखा बंद करते, जनेलं लावते. तो ऐकतो. मी पान परतत नाही.